छत्रीचा घास उतरेना

३ मार्च, सोमवार

काम मिळालं! 'पिवळी छत्री' या बर्गरवाल्यांची चौकातली मुख्य शाखा. तिथली सगळी बाकं नव्याने मढवायची, पाठीसकट. फोम नवा, रेक्झिन नवं, शिवण माझी. महिनाअखेरीस छत्रीला पन्नास वर्षं होतात, त्याच्या आत सगळं पुरं हवं.

दादाचं दुकान सोडल्यापासूनचं हे पहिलं मोठं काम. आतापर्यंत काय केलं, तर दातांच्या डॉक्टरची एक खुर्ची, आणि शेजारच्या काकूंचा दिवाण, ज्यावर काकू नाही, त्यांचा कुत्रा झोपतो. दादा आईला फोनवर म्हणालाच होता, "महिन्याभरात येईल परत." आता येते की काय बघ म्हणावं.

एकच अडचण आहे. मला पिवळ्या छत्रीचा बर्गर आवडत नाही.

इथे हे बोलणं म्हणजे कुणाच्या आईला नावं ठेवणं. आमच्या भागाबाहेर छत्रीची शाखा नाही, म्हणून लोकांना तिचा अभिमान केवढा! लांबून सुट्टीला आलेला मुलगा स्टेशनवरून आधी छत्रीत जातो, मग आईला भेटायला घरी. आईला त्याचं वाईटही वाटत नाही, कारण तीही छत्रीतच येऊन बसलेली असते. शाळेत असताना मी एकदा खरं बोलले होते. मैत्रिणीने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तेव्हापासून मी तोंड मिटलं ते मिटलंच.

पण काय करू? सॉस गोड. म्हणजे नको तिथे गोड, भांडण चाललेलं असताना मध्येच हसणाऱ्या माणसासारखा. काकडी लिबलिबीत. आणि तो पाव! बोटाने दाबला की दबलेलाच राहतो. असा फोम मी गिऱ्हाइकाला दिला तर ते बाक माझ्याच डोक्यात घालेल.

आई छत्रीची भक्त. काम मिळाल्याचं ऐकून तिने मला मिठी मारली आणि विचारलं, "रोज फुकट मिळेल का गं?"

६ मार्च, गुरुवार

मापं घेतली. मॅनेजर भेटला. एवढा उंच की छतातला दिवा बदलायला त्याला स्टूल लागत नाही, नुसता हात वर करतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव शिडी ठेवलंय. वय माझ्याएवढंच असावं, पन्नाशीच्या अलीकडचं. कानांवर केस पांढरे. हसताना आधी डोळे हसतात, मग बऱ्याच वेळाने तोंड. हे मी कामाच्या दृष्टीने लिहून ठेवतेय. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याचा स्वभाव कळलेला बरा.

बाकीचे सगळे पहिल्या तासातच मला ताई म्हणायला लागले. हा मात्र 'मॅडम'. मी म्हटलं, "मॅडम काय? ताई म्हणा की सगळ्यांसारखं."

त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "बघतो."

बघतो म्हणजे? ताई म्हणायला वरच्या ऑफिसची परवानगी लागते का? शिष्ट आहे.

दुपारी जेवण कंपनीचं. म्हणजे बर्गर. रंगाऱ्याची गोष्ट मला काउंटरवरच्या मुलीने आधीच सांगून ठेवली होती. गेल्या वर्षी एका रंगाऱ्याने अर्धा बर्गर टाकला, मालकीणबाईंनी बघितलं, आणि त्याच दिवशी त्याला ब्रशसकट बाहेर काढलं. त्यामुळे शिडीच्या समोर मी मोठा घास घेतला. तो घास तोंडात फिरतोय, फिरतोय, खाली जायचं नाव नाही.

"कसा आहे?" शिडीने विचारलं.

"वा!" मी म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने आलं असं त्याला वाटलं असावं, कारण तो काहीच बोलला नाही. उरलेला कागदात गुंडाळून आईसाठी आणला.

१० मार्च, सोमवार

काम सुरू. शाखा बंद ठेवता येत नाही, म्हणून मधे पडदा लावून अर्ध्या भागात मी आणि अर्ध्या भागात गिऱ्हाइकं. पडद्यापलीकडून दिवसभर "आहाहा" ऐकू येतं. मी इकडे जुन्या बाकांच्या पिना उपटते.

जुनी गादी उघडणं म्हणजे माणसांचं घर उघडणं. आज फटींतून काय निघालं: चमचे, कानातलं, गणिताची फाटकी प्रश्नपत्रिका आणि अर्धी कवळी. कवळीचा मालक तशीच सोडून गेला, म्हणजे बर्गर खरोखर मऊ असला पाहिजे. शिडीला दाखवली तर तो इतका हसला की काउंटरवरची मुलगी बघायला आली. म्हणाली, "सरांना असं हसताना पहिल्यांदाच बघितलं."

बिचारा. घरी एकटाच असतो म्हणे. हे मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. मी फक्त 'घरी कोण कोण?' एवढंच म्हणाले होते.

फोम ठेवायला मला मागची कोठी दिली आहे.

१३ मार्च, गुरुवार

कोठीत अंड्याची टरफलं सापडली. माझ्या फोमच्या गुंडाळीमागे, कागदात नीट बांधून ठेवलेली. उकडलेल्या अंड्याची. काल पावाचे तुकडे होते, साध्या, कडक पावाचे.

छत्रीत अंडं कशातच नसतं. म्हणजे इथला कुणीतरी कामगार चोरून घरचा डबा खातो! माझ्यासारखं आणखी कुणीतरी आहे या जगात! नाचावंसं वाटलं. मग भीती वाटली. शिडीला सापडली तर त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल. मी टरफलं उचलून माझ्या पिशवीत टाकली. कोण असेल? भांडी घासणारे काका असावेत. त्यांचा चेहरा तसा सोसल्यासारखा आहे.

शिडी आज सकाळपासून पडद्याआड चार वेळा आला. उजेड पुरतो का. पंखा फिरवू का. चहा. आणि चौथ्या वेळी आला, उभा राहिला, "बरं," म्हणाला आणि गेला. माझ्यावर पाळत ठेवतोय. घरी येऊन आईजवळ चिडचिड केली.

आई बर्गर खात होती. "अजून ताई म्हणत नाही का?"

"नाही ना!"

"बरं," आई म्हणाली आणि बोटं चाटत बसली. हल्ली सगळ्यांनाच नुसतं 'बरं' म्हणायची सवय लागलीय.

१७ मार्च, सोमवार

टरफलं आजही उचलली. रोजचंच काम झालंय. काकांना मी सूचक हसून दाखवलं. ते घाबरून आत गेले.

जेवणात बदल. माझ्या ताटात बर्गर नाही! तळलेले बटाटे, कापलेला टोमॅटो, आणि वेगळ्या पुडक्यात गुंडाळलेला बर्गर, वर लिहिलेलं, 'आईंसाठी'. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सरांनी सांगितलंय." नवा नियम असेल, घरच्यांसाठी वेगळं पॅकिंग. पण माझी आई आहे हे कंपनीला कसं कळलं? बोलता बोलता मी कधी सांगितलं असेल.

बटाटे छान होते. तेवढं मान्य करायला हवं.

निळी साडी धुऊन वाळत टाकली. कामावर तीच बरी पडते, सुटसुटीत आहे. इस्त्री केली कारण चुरगळली होती.

१९ मार्च, बुधवार

कपाळ! सगळं मुसळ केरात. पाठींसाठी मागवलेलं रेक्झिन आलं आणि उलगडलं तर पिवळं नाहीच. हिरवट. कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांसारखं. व्यापारी म्हणतो, "उजेडात पिवळं दिसेल." म्हटलं, मी काय बाकं उन्हात ठेवू? बदलून द्यायला तीन दिवस. वर माझं शिवणयंत्र दुपारी जाड शिवणीवर अडकलं ते अडकलंच. सुई मोडली, मग आतलं चाक.

शिडीला सांगताना माझा आवाज चिरकला. वाटलं, आता हा वहीत काहीतरी लिहील आणि मला रंगाऱ्यासारखी काढतील. तो तसाच गाडी काढून व्यापाऱ्याकडे गेला. काय बोलला माहीत नाही, शिडी हळू आवाजात बोलणारा माणूस आहे. पण संध्याकाळी योग्य पिवळं रेक्झिन घेऊन आला, खांद्यावर, जिन्यावरून वाकत.

"बसा जरा," म्हणाला. "दिवसभर उभ्या आहात."

मी बसले. तोही बसला. मग अर्धा तास आम्ही काहीच कामाचं बोललो नाही. त्याला लहानपणी पोहायची भीती वाटायची आणि चाळिसाव्या वर्षी तो पोहायला शिकला, हे मला आता माहीत आहे. याचा मला काय उपयोग?

यंत्राचं काय करू? जड शिवणीचं यंत्र एकाच ठिकाणी आहे. बाबांचं. दादाच्या दुकानात.

२१ मार्च, शुक्रवार

कालचा दिवस स्वतःशी भांडण्यात गेला. जाऊ, की नको? बाबा गेल्यावर दादाने पाटी नवी केली. 'आणि मुलगा' असं लिहिलं. वीस वर्षं मी त्या दुकानात गाद्या भरल्या. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, पाटीवर जागा नव्हती." त्या दिवशी मी कातर उचलली आणि बाहेर पडले. बरोबरच केलं. अजूनही वाटतं बरोबरच केलं. पण बाकांची पाठ उघडी पडलीय आणि हातांनी ती शिवली जाणार नाही.

आज गेले. दादा दारातच होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "कुठलं चाक मोडलं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"आईने. आणि तुझ्या त्या उंच मॅनेजरने. काल इथे येऊन उभा होता. यंत्र भाड्याने मिळेल का म्हणे." दादा घाम पुसत होता. "मी म्हटलं, आमच्या घरच्या कामाला भाडं कसलं?"

माझ्या घशात काहीतरी अडकलं आणि या वेळी तो बर्गर नव्हता.

"पाटीचं चुकलंच माझं," तो रेक्झिनकडे बघत म्हणाला. "जागा होती."

मी म्हटलं, "होतीच. चल, टेम्पो आण."

२४ मार्च, सोमवार

दादा रोज येतो. यंत्रासोबत स्वतःही आलाय. काल वहिनीने दुकान सांभाळलं. आम्ही पडद्याआड बाबांसारखे एकमेकांवर खेकसतो. "ताण! अगं ताण!" "ताणतेच आहे, तू आधी पिन मार!" गिऱ्हाइकं पडदा बाजूला करून बघून जातात. इतकी मजा मला किती वर्षांत आली नव्हती. बाबांची शिट्टी वाजवायची सवय दादाला लागलीय, त्याला माहीतही नाही.

शिडी आणि दादा यांची चांगली गट्टी जमलीय. आज चहाच्या वेळी दोघं काहीतरी कुजबुजत होते, मी गेल्यावर गप्प. दादा मला म्हणाला, "माणूस सरळ आहे."

मी म्हटलं, "असेना. मला कुठे त्याची गादी भरायचीय?"

दादा इतका हसला की त्याच्या हातून कातर पडली. यात हसण्यासारखं काय होतं?

२६ मार्च, बुधवार

आज जे झालं ते लिहिताना हात थांबत नाहीये.

दुपारी फोम कमी पडला म्हणून वेळेच्या आधीच कोठीत गेले. दार लोटलं. आत माझ्या फोमच्या गुंडाळीवर शिडी बसलेला. पाय कुठे ठेवावेत ते न कळून दुमडलेले. मांडीवर डबा. तोंडात अख्खं अंडं.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

शेवटी त्याने अंडं गिळलं. "सांगू नका कुणाला," म्हणाला. "अकरा वर्षं इथे आहे. मला तो सॉस सहन होत नाही."

मी खालीच बसले. "गोड," मी म्हणाले.

"नको तिथे गोड!"

"आणि काकडी..."

"लिबलिबीत!" तो जवळजवळ ओरडलाच. मग दोघंही तोंडावर हात ठेवून हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"पण टरफलं," तो म्हणाला. "मी रोज ठेवायचो आणि रोज गायब व्हायची. आधी वाटलं उंदीर. मग एकदा तुमच्या पिशवीतून एक पडलं."

"मला वाटलं भांड्यांवाले काका खातात. त्यांची नोकरी जाऊ नये म्हणून."

"तुम्ही पहिल्या दिवशी घास घेतलात ना," तो म्हणाला, "तेव्हाच मला कळलं. अकरा वर्षं मी आरशात तोच चेहरा बघतोय."

त्याने डब्यातलं दुसरं अंडं सोलून माझ्यापुढे धरलं. मीठ लावलेलं. इतकं चविष्ट अंडं मी आयुष्यात खाल्लेलं नाही. अंड्याला काय एवढी चव असते? भूक लागली होती म्हणून असेल.

२८ मार्च, शुक्रवार

शेवटचा टाका घातला. पडदा काढला. रांगेत सगळी बाकं, पिवळीधमक, कडांना पांढऱ्या पट्टीचं पायपिंग, एक सुरकुती नाही. दादाने तळहात फिरवला आणि म्हणाला, "बाबांनी सुद्धा खोट काढली नसती." मग लगेच वाकून एक दोरा काढलाच.

उद्या मालकीणबाई येणार. प्रत्येक बाकावर बसून बघतात म्हणे.

२९ मार्च, शनिवार

छत्रीची पन्नास वर्षं. बाहेर फुगे, आत गर्दी. आई सकाळपासून पहिल्या रांगेत. मालकीणबाई आल्या. मला वाटलं होतं कुणीतरी धिप्पाड बाई असेल. माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, हातात काठी, पायात मुलांसारखे बूट. त्या खरंच एकेका बाकावर बसल्या. उडी मारून बघितली. पाठीला पाठ टेकवून डोळे मिटले. शेवटच्या बाकावरून उठेचनात.

"हे वाईट आहे," त्या म्हणाल्या. "उठावंसंच वाटत नाही. गिऱ्हाईक उठलं नाही तर दुसरं बसणार कुठे?"

सगळे हसले, मीही. तेवढ्यात रेडिओवाली मुलगी माइक घेऊन आली. "ताई, तुम्ही ही सुंदर बाकं बनवलीत! सांगा बरं सगळ्यांना, छत्रीचा बर्गर तुम्हाला किती आवडतो?"

'वा' म्हणायचं होतं. एक अक्षर. जिभेवर तयार होतं. पण समोर ती बाकं दिसत होती. एकही टाका मी त्यांत खोटा घातला नव्हता, आतल्या बाजूला सुद्धा, जिथे कुणी कधी बघणार नाही. आणि त्यांच्याच शेजारी उभं राहून...

"मला नाही आवडत," मी म्हणाले.

माइकमधून ते चौकापर्यंत गेलं. कुणीतरी खरंच विचारलं, "ताप आहे का?"

मालकीणबाई काठी टेकत उठल्या. माझ्यासमोर आल्या. "पन्नास वर्षांत हे माझ्या तोंडावर कुणी बोललेलं नाही. तू एकटीच का?"

"दोघं," मागून आवाज आला. शिडीने हात वर केला. त्याचा हात वर गेला की छताला लागतो, त्यामुळे न दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तो बोलला तेव्हा आवाज हळू होता, पण थरथरत नव्हता. "अकरा वर्षं डबा आणतो. शाखा चालवणार तरी मीच, तुम्ही ठेवलंत तर."

मग गर्दीतून तिसरा हात. दादाचा! "सॉस गोड आहे," तो पुटपुटला. आम्ही एका घरात वाढलो आणि मला पत्ता नाही!

आई ताडकन उठली. "माझ्या पोटी दोन्ही असलीच निघाली?"

मालकीणबाईंनी आईकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा बाकावर बसवावं लागलं. "तिघं ना? मग धंदा बुडत नाही," डोळे पुसत म्हणाल्या. शिडीला म्हणाल्या, "डबा कोठीत कशाला? इथे बसून खा, उजेडात. लोकांना कळू दे, मी कुणाच्या तोंडात कोंबत नाही."

मी धीर करून रंगाऱ्याचं विचारलं. "बर्गरसाठी नाही काढलं त्याला!" त्या म्हणाल्या. "रंगात पाणी घालत होता मेला." मग माझा हात हातात घेऊन बोटांवरचे सुईचे डाग बघितले. "बाकीच्या शाखांतली बाकंही बघून ये. सावकाश. तुझ्या भावालाही ने."

दादा लगेच म्हणाला, "नवी पाटी करावी लागेल." मी म्हटलं, "बघते." शिडीकडूनच शिकले.

३० मार्च, रविवार

सकाळी आईने निळी साडी काढून ठेवलेली. "कशाला?" मी विचारलं. "आज कुठे काम आहे?" तेवढ्यात बेल वाजली. दारात शिडी, डोकं चौकटीला लागू नये म्हणून वाकलेला. हातात आईसाठी बर्गर.

"जेवायला चलता का?" त्याने मला विचारलं. "कुठेही. फक्त छत्रीत नको."

आतून आई म्हणाली, "ती तयारच आहे." मी तयार नव्हते. पाच मिनिटांत झाले.

एकाएकी सगळं डोळ्यांसमोरून गेलं. चार वेळा पडद्याआड येणं, 'आईंसाठी', दादाकडे जाऊन उभं राहणं, आणि ते 'बघतो'. मी जिन्यातच थांबले. "तुम्ही मला ताई का म्हणाला नाहीत?"

त्याचे डोळे आधी हसले. मग बऱ्याच वेळाने तोंड. "आत्ता विचारताय?" तो म्हणाला.

सेहेचाळीस वर्षांची घोडी झाले, पण जिन्यात उभी राहून लाजले. कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी चाललं असतं.

संध्याकाळी परत आले तर आई दारातच. "काय खाल्लंत?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. नदीकाठचं लहानसं हॉटेल होतं. खिडकीतली जागा होती. तो पोहायला शिकताना आधी काठालाच कसा धरून बसला होता ते त्याने करून दाखवलं, आणि शेजारच्या टेबलावरचं पाणी सांडलं. मी दुकानातल्या खिळ्यांपासून बाबांपर्यंत सगळं बोलले. वेटर दिवा लावायला आला, तेव्हा कुठे अंधार पडायला लागल्याचं कळलं.

"अगं, जेवलात काय?" आईने पुन्हा विचारलं.

"गरम होतं काहीतरी," मी म्हणाले. "छान होतं."